गहिनीनाथाने विचारला तो प्रश्न

गहिनीनाथाला अक्षर येत नव्हतं, आणि हरणवाडीच्या पोथीचा अर्थ मात्र तोच सांगायचा. बाहेरगावच्या माणसाला हे ऐकून नवल वाटतं, पण ते तसं का झालं हे सांगितलं की वाटत नाही.

हरणवाडी पाथर्डीच्या पूर्वेला, डोंगराच्या अंगाला आहे. साठ-सत्तर घरं. दसरा झाला की ट्रक आणि ट्रॅक्टर गल्लीच्या तोंडाशी येऊन उभे राहतात, आणि दिवाळीची पणती विझते न विझते तोच बिऱ्हाडं त्यांत चढून ऊसतोडीला निघून जातात. गहिनीनाथ लहान असताना दरवर्षी असाच जायचा, आईबापाच्या मधे, भांड्यांच्या पोत्यावर बसून. त्यामुळे त्याची शाळा दुसरीतच संपली. पण त्याचा बाप अंबादास हा गावच्या पोथीचा अर्थ सांगणारा होता. कारखान्याच्या माळावर, पाचटाच्या कोपीत, भाकरी झाल्यावर तो पोराला महाभारतातली माणसं सांगायचा. कोण कुणाचा बाप, कोण कुणाची सवत, कुणाचा शाप कुणाला भोवला. पोराने ते सगळं कानाने घेतलं आणि तसंच ठेवलं.

शेजारचा श्रीमंत नावाचा पोरगा त्याच्याच वयाचा. श्रीमंताची आजी गावातच राहायची, म्हणून तो तिच्याजवळ राहिला आणि सातवी शिकला. त्याला वाचता उत्तम यायचं, आवाज खणखणीत होता, पण अर्थ विचारला की तो गडबडून जायचा. पुढे अंबादास गेला, जुना वाचणाराही थकला, आणि मारुतीच्या देवळात ही दोघं बसू लागली. श्रीमंताजवळ अक्षर होतं, गहिनीनाथाजवळ अर्थ होता. एकट्याने पोथी लावणं दोघांनाही जमण्यासारखं नव्हतं.

गावात पोथी श्रावणात लागायची आणि दिवाळीच्या आत संपवावी लागायची, कारण दिवाळीनंतर ऐकायला कुणी उरत नसे. दिवेलागणीनंतर बायका-माणसं जमायची. श्रीमंत एक ओवी वाचून थांबायचा. मग गहिनीनाथ डोळे मिटून तिचा अर्थ सांगायचा. एकतीस वर्षं हे असं चाललं.

वंशावळ हा गहिनीनाथाचा खास भाग. शंतनूपासून जनमेजयापर्यंतचं घराणं तो असं सांगायचा, की जणू ही मंडळी पलीकडच्या वस्तीवर राहतात आणि परवाच बाजारात भेटली होती. "शल्य कोण? नकुल-सहदेवाचा सख्खा मामा. भाच्यांकडं निघाला हुता. वाटंत दुर्योधनानं मांडव घातला, जेवू घातलं. कुणाचं अन्न हाय ते न इचारता मामा जेवला. हात धुऊन उठला, तवा कौरवांचा झालेला." हे सांगितलं त्या वर्षी ग्रामपंचायतीची निवडणूक होती. उमेदवाराच्या जेवणावळीहून परतणाऱ्याला लोक विचारायचे, शल्य होऊन आलास का?

पोथीबाहेरचं त्याचं आयुष्य इतरांसारखंच गेलं. लग्न झाल्यावर तो आणि दगडाबाई वीस हंगाम ऊसतोडीला गेले. एका वर्षी मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढताना त्याचा पाय घसरला आणि गुडघा मोडला. तो नीट बसला नाही. तेव्हापासून त्याचं जाणं बंद झालं. दोघांनी शेरडं पाळली, होतं तेवढं कोरडवाहू रान कसलं. दोन मुलं आधी जाऊन मागे अश्विनी एकटीच राहिली होती. बाप गावात थांबला म्हणून तिला दिवाळीत शाळा सोडावी लागली नाही. ती बारावीपर्यंत शिकली. गुडघा मोडला म्हणून पोरगी शिकली, असं दगडाबाई म्हणायची, आणि त्यात तक्रार नसे.

अश्विनी विसाव्या वर्षात आली तेव्हा दोन स्थळं येऊन मोडली. एकाला ती सावळी वाटली, दुसऱ्याने कारण सांगितलं नाही. तिसरं स्थळ श्रीमंताने आणलं. त्याची बायको चांगुणा, तिच्या भावाचा मुलगा आदिनाथ. गाव शेवगावकडचं, कॅनॉलचं पाणी, चांगलं घर. गहिनीनाथाने त्यांचं कूळ पाहिलं, देवक विचारलं, मामेकूळ तपासलं, तीन पिढ्या कुठून कुठे सोयरीक झाली ते बोटावर मोजलं. सगळं जुळत होतं.

एक गोष्ट उरली होती. ती त्याने श्रीमंताला आपल्या अंगणात विचारली. चहा झाला होता. दगडाबाई चुलीपाशी होती.

"पोरगा घेतो असं कायतरी कानावर आलंय," गहिनीनाथ म्हणाला. "तू त्याला पिताना कधी पाहिलंस का?"

श्रीमंताने कप खाली ठेवला. "म्या न्हाई पाहिलं," तो म्हणाला.

"मग झालं. तू म्हणतोस म्हंजी झालं."

वैशाखात लग्न लागलं.

त्यानंतर चार वर्षं अश्विनी सणावारालाही फारशी आली नाही. आली की मुक्काम न करता परत जायची. भाद्रपदातल्या एका सकाळी ती एकटीच एसटीतून उतरली. हातात एक पिशवी होती. डावं मनगट वाकडं जुळलेलं होतं आणि त्याच्याविषयी तिने चार महिने कुणाला काही कळवलं नव्हतं. बापाला ती काहीच बोलली नाही. आईला जे सांगितलं ते थोडक्यातच. नवरा लग्नाच्या आधीपासून प्यायचा. अख्ख्या गावाला ठाऊक होतं. आधी ठरलेलं त्याचं एक लग्न याच कारणाने मोडलं होतं, आणि तेव्हा मुलीकडच्यांची समजूत काढायला श्रीमंतकाका स्वतः गेले होते.

दगडाबाईने हे गहिनीनाथाला सांगितलं तेव्हा तो शेळीची धार काढत होता. त्याने धार पुरी काढली, भांडं आत नेऊन ठेवलं आणि बाहेर येऊन बाजेवर बसला. संध्याकाळी नेहमीप्रमाणे देवळात गेला आणि अर्थ सांगून आला. असे बारा दिवस गेले. त्या बारा दिवसांत तो श्रीमंताशेजारी मांडीला मांडी लावून बसत होता, आणि श्रीमंताला काही कळलं नव्हतं. अश्विनी माहेरपणाला आली आहे एवढंच त्याला ठाऊक होतं.

तेराव्या दिवशी पोथीत द्रोणाचार्यांचा वध आला.

तो भाग गावाला पाठ होता. द्रोण आवरत नाही, म्हणून भीम अश्वत्थामा नावाचा हत्ती मारतो आणि अश्वत्थामा मेला अशी आवई उठवतो. द्रोणाचा कुणावर विश्वास बसत नाही. माझा मुलगा खरंच मेला का, असं तो एकट्या धर्मराजाला विचारतो, कारण धर्म खोटं बोलत नाही. धर्म म्हणतो, अश्वत्थामा मेला. माणूस की हत्ती, हे हळूच म्हणतो, आणि ते शंखाच्या आवाजात बुडून जातं. द्रोण शस्त्र खाली ठेवतो. तोवर जमिनीच्या चार बोटं वरून चालणारा धर्माचा रथ त्या क्षणी खाली टेकतो.

श्रीमंताने ओवी वाचली आणि तो थांबला. गहिनीनाथाने डोळे मिटले नाहीत. लोक वाट पाहत राहिले. बराच वेळ गेला तसं श्रीमंताने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"श्रीमंता," गहिनीनाथ म्हणाला, "आमच्या अश्विनीच्या टायमाला म्या तुला इचारलं, तवा तू काय म्हणला हुतास?"

श्रीमंताचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "म्या म्हणलो, म्या त्याला पिताना पाहिलं न्हाई."

"आन ठाव काय हुतं?"

श्रीमंताने पोथीवर हात ठेवला. देवळात चाळीसभर माणसं होती, त्यात चांगुणाही होती. गहिनीनाथ गुडघ्यावर हात टेकून उठला, पायरीवरची चप्पल पायात घातली आणि लंगडत घरी गेला. त्यानंतर तो पोथीला बसला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीमंत अंगणात आला. दगडाबाईने त्याला पाणी दिलं. गहिनीनाथ मागच्या दाराने रानात निघून गेला. आणखी दोनदा तो आला, दोन्ही वेळा तसंच झालं. मग त्याने येणं सोडलं. आपण असं का केलं, हे त्याने पुढे एकदा दगडाबाईला सांगितलं होतं. बायकोच्या माहेरचं माणूस, नाही म्हणता आलं नाही. लग्न झालं की पोरगा सुधारेल असं वाटलं. दगडाबाईने ते नवऱ्याला सांगितलं नाही. अश्विनी पुन्हा सासरी गेली नाही, नगरला मिळेल ते काम करून राहू लागली.

पोथी अर्धवट सोडता येत नाही, म्हणून श्रीमंत एकटाच वाचू लागला. देवळाला भोंगा होता. त्याचा आवाज पार गहिनीनाथाच्या अंगणापर्यंत यायचा. श्रीमंत ओवी वाचायचा आणि सवयीप्रमाणे थांबायचा. भोंग्यातून तेवढा वेळ नुसती खरखर यायची. मग पुढची ओवी. अर्थ सांगायला कुणी नाही म्हटल्यावर ऐकणारे कमी होत गेले. पुढच्या वर्षी दहाबारा उरले, त्याच्या पुढच्या वर्षी चारपाच. पोथी दिवाळीच्या आत संपेना. पण संपवायची घाईही आता नव्हती. गाव ऊसतोडीला निघून गेलं तरी श्रीमंत मार्गशीर्ष-पौषात देवळात बसून वाचत राहायचा.

इकडे अंगणात बाजेवर बसलेला गहिनीनाथ, ओवी थांबली की, तोंडातल्या तोंडात तिचा अर्थ सांगायचा. आपण असं करतो हे त्याला आधी समजलंच नाही. दगडाबाईने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती भाकरी थापता थापता थांबली. मग रोजच ऐकू लागली. ती त्याला काही म्हणाली नाही आणि गावात कुणाजवळ बोलली नाही. त्या घरात अर्थ ऐकणारी ती एकटी होती.

कोरोनाच्या दुसऱ्या वर्षी, चैत्रात, दगडाबाई गेली. नगरला दवाखान्यात नेली ती परत आली नाही. गहिनीनाथाला तिचं तोंडही पाहायला मिळालं नाही. अश्विनी नगरलाच होती, तिनेच सगळं केलं. दहाव्याला पाचसात माणसं जमली होती. श्रीमंत तोंडाला उपरणं बांधून गल्लीच्या टोकाला उभा होता. तो पुढे आला नाही. गहिनीनाथानेही त्याला हाक मारली नाही.

अश्विनी दोन महिने बापाजवळ राहिली. पुढे नगरमध्ये मुलींच्या एका वसतिगृहात तिला स्वयंपाकघराचं काम मिळालं. साठ मुलींचं दोन वेळचं जेवण, राहायला एक खोली. बापाला तिने सोबत चला म्हणून सांगितलं. शेरडांचं कोण करणार, असं तो म्हणाला. ती दर महिन्याच्या एखाद्या रविवारी यायची.

हंगामात त्याच्या गल्लीत पंधरा घरांना कुलपं असायची. त्यांतल्या नऊ घरांच्या किल्ल्या लोक त्याच्याकडे देऊन जायचे. त्या त्याने ओसरीवर खिळ्यांना ओळीने टांगल्या होत्या. दर आठवड्याला एकेक घर उघडून तो जाळी-जळमटं काढायचा, अंगण झाडायचा, अवसेला तुळशीपाशी दिवा लावायचा. दुसऱ्यांच्या रिकाम्या घरांत तो असा फिरायचा. कुठे भिंतीवर लग्नातला फोटो, कुठे दोरीवर विसरलेलं टोपडं. काही दिवस असे जायचे की शेरडांखेरीज कुणाला त्याचा आवाज ऐकू जात नसे. संध्याकाळी भोंगा लागला की तो बाजेवर येऊन बसायचा. आता आत भाकरी थापणारं कुणी नव्हतं. तरी तो अर्थ सांगायचा.

गेल्या वर्षीच्या मार्गशीर्षात अश्विनी आली ती मुक्कामाला राहिली. सोमवारी वसतिगृहाला सुट्टी होती. संध्याकाळी भोंगा लागला. बाप ओठ हलवू लागला, तशी ती चुलीपुढून उठून उंबऱ्यात येऊन बसली. बराच वेळ तिने ऐकलं. श्रीमंताचा आवाज आता पूर्वीसारखा नव्हता, मधेच बसायचा. वाचन संपल्यावर ती म्हणाली, "आप्पा, एक बोलू का?"

"बोल की."

"तुमी काकांला इचारलं, तवा मी दाराआड उभी हुते."

गहिनीनाथाने तिच्याकडे पाहिलं. हे त्याला ठाऊक नव्हतं.

"पोरगा पितो का, असं तुमी इचारलंच नाही," अश्विनी म्हणाली. "तू पाहिलंस का, असं इचारलं. मला तवाच ते कसंतरी वाटलं हुतं. काका काय बोलले ते मी इसरून गेले. तुमी तसं का इचारलं, ते मात्र डोक्यातनं जात नाही."

ती रागाने बोलली नाही. उत्तरासाठीही थांबली नाही, उठून कालवणाखालचा जाळ बघायला आत गेली.

मंगळवारी पहाटेच्या गाडीने ती गेली. गहिनीनाथ दिवसभर त्या एका वाक्यापाशी बसून राहिला. खरं तर उत्तर शोधायला त्याला फार लांब जावं लागलं नाही. दोन स्थळं मोडली होती. तिसरं मोडू नये असं त्याला वाटत होतं. श्रीमंताला सरळ विचारलं असतं तर तो खोटं बोलला नसता, हे लहानपणापासून त्याला ठाऊक होतं. म्हणून त्याने असा प्रश्न विचारला, की ज्याचं उत्तर श्रीमंताला खोटं न बोलता देता येईल. शंतनूपासून सात पिढ्यांची नावं तोंडावर असलेल्या माणसाने आपल्या जावयाविषयी तेवढंच विचारलं, जेवढं ऐकण्याची त्याची तयारी होती.

तो देवळाकडे निघाला. मारुतीच्या पायऱ्यांपर्यंत गेला, आत श्रीमंताची पाठ दिसली, आणि तो परत फिरला. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. तिसऱ्या दिवशी त्याने धुतलेला सदरा घातला आणि भोंगा लागायची वाट पाहत बसला. भोंगा लागला नाही. चौथ्या दिवशीही लागला नाही.

पाचव्या दिवशी सकाळी तो श्रीमंताच्या दारात गेला. पाच वर्षांनी. चांगुणा म्हशीला वैरण टाकत होती. त्याला पाहून तिने पदर सारखा केला, बसायला पोतं टाकलं आणि म्हणाली, थोरला येऊन त्यांना चाकणला घेऊन गेला. गहिनीनाथाने कारण विचारलं.

"डोळं गेलं भावजी," चांगुणा म्हणाली. "काचबिंदू म्हणत्यात. दोन साल झालं, त्यांला अक्षर दिसत न्हाई."

"मग वाचत कसं हुता?"

"पानं उलटायचे नुसते. समदं तोंडपाठच की. कुणाला सांगायचं न्हाई म्हणले हुते."

म्हैस विकली गेली की आपणही तिकडेच जाणार असं तिने सांगितलं. गहिनीनाथाने मुलाचा पत्ता आणि फोन मागून घेतला. मोबाईलमध्ये नंबर तिनेच शेजारच्या मास्तरणीकडून भरून आणला.

शेरडं चांगुणाकडे सोपवून, अश्विनीला फोनवर सांगून तो दोन दिवसांनी निघाला. पाथर्डीहून नगर, नगरहून पुण्याच्या गाडीने शिक्रापूर. गाडीच्या पाट्या वाचता येत नव्हत्या, म्हणून प्रत्येक ठिकाणी विचारत गेला. ऊसतोडीला त्याने अर्धा मुलूख पाहिला होता, पण तेव्हा सोबत सगळी टोळी असायची. एकट्याने एवढ्या लांब तो पहिल्यांदाच चालला होता. शिक्रापूरला श्रीमंताचा मुलगा मोटारसायकल घेऊन उभा होता. पाय नीट ठेवा, एवढंच तो म्हणाला.

मुलाचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. गहिनीनाथाला जिने चढायला वेळ लागला. दार उघडंच होतं. श्रीमंत गॅलरीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता, तोंड रस्त्याकडे. खाली कंपन्यांच्या बसगाड्या जात होत्या. पायाचा आवाज ऐकून त्याने मान वळवली.

"गहिनी?"

"व्हय."

श्रीमंताची सून ज्योती हिने दुसरी खुर्ची आणून ठेवली, चहा दिला आणि ती आत गेली. दोघं आधी गावचं बोलले. म्हशीचं गिऱ्हाईक, विहिरीचं पाणी, बोरीला आलेला बहर. मग गहिनीनाथ जे सांगायला आला होता ते बोलला.

"म्या तुला इचारलं, तू पाहिलंस का. पितो का, असं न्हाई इचारलं. तसं इचारलं असतं तर तू खोटं बोलला नसतास, हे मला ठाव हुतं. म्हणून न्हाई इचारलं."

श्रीमंताचे डोळे उघडे होते आणि ते गहिनीनाथाच्या खांद्याच्या थोडं पलीकडे कुठेतरी पाहत होते.

"तू काय इचारतोस ते मला कळलं हुतं," तो म्हणाला. "तू कसंबी इचारलं असतंस तरी कळलं असतं. माझ्या वाटंचं तू तुझ्या अंगावर घिऊ नको, गहिनी. ते माझंच हाय."

"असंल. पन माझ्या वाटंचं म्या पाच वर्सं तुझ्यावर टाकलं."

यावर श्रीमंताने मान हलवली. माफी त्याने मागितली नाही, यानेही मागितली नाही. थोड्या वेळाने श्रीमंताने विचारलं, "मग आता त्या द्रोणाच्या ओवीचा अर्थ कसा सांगशील?"

गहिनीनाथाने उत्तर तयारच ठेवलं होतं. गेले आठ दिवस ते सांगायला त्याला कुणी मिळालं नव्हतं. तो म्हणाला, "माझा बाप सांगायचा, आन म्याबी तेच सांगत आलो, की शंख वाजला म्हणून द्रोणाला पुढचं ऐकू आलं न्हाई. पन शंख काय, किती येळ वाजंल? थांबतोच की. द्रोणानं तवर थांबायला पायजे हुतं. पुन्यांदा इचारायला पायजे हुतं."

श्रीमंताने ते ऐकलं आणि तो हळूच म्हणाला, "हे अंबादासबानं कधी सांगितलं न्हाई."

"न्हाई."

गहिनीनाथ तिथे एक मुक्काम राहिला. सकाळी निघताना श्रीमंत जिन्यापर्यंत भिंतीला हात लावत आला. गावाकडे कधी येणार, असं गहिनीनाथाने विचारलं नाही. दोघांनाही ठाऊक होतं की आता ते होणार नाही. पौष संपता संपता म्हैस गेली, चांगुणाही चाकणला गेली, आणि गहिनीनाथाच्या ओसरीवर दहावी किल्ली लागली. देवळातली पोथी तांबड्या फडक्यात बांधून कपाटात ठेवली आहे. गेल्या श्रावणात ती लावायला कुणी नव्हतं.

पण ते पुढचं. त्या दिवशी तो चाकणहून हरणवाडीला पोचला तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. त्याने शेरडं आणली, पाणी पाजलं, आणि अंगणात उभं राहून अश्विनीला फोन लावला. मोबाईलवर तिच्या नावापुढे तिने फुलाचं चित्र टाकून दिलं होतं, त्यावरून त्याला ते कळायचं. पलीकडून भांड्यांचा आणि मुलींच्या बोलण्याचा आवाज येत होता. नीट पोचलात का, वाटेत काही खाल्लं का, असं तिने विचारलं. खाल्लं म्हणाला. काका कसे आहेत, असं विचारलं. दिसत नाही म्हणाला, बाकी बरा आहे.

मग तो म्हणाला, "अश्विनी, जे इचारायचं ते म्या इचारलं न्हाई. मुद्दाम न्हाई इचारलं. चूक तुझ्या बापाची हाय."

पलीकडून भांड्यांचा आवाज येत राहिला. कुणीतरी तिला ताई, आमटी वाढू का, असं विचारलं आणि तिने वाढ म्हणून सांगितलं.

"आप्पा, मुली जेवायला बसल्यात," ती मग म्हणाली. "ठेवते."

पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्या रविवारी आली. शेरडांच्या छपराची एक बाजू वाऱ्याने उचकटली होती. बाप खालून पाचट देत राहिला आणि ती वर चढून, वाकड्या मनगटाच्या हाताने दोरी धरून उजव्या हाताने गाठी मारत राहिली. दोघं कामापुरतंच बोलले. दुपारी तिने पिठलं केलं आणि दोघं ओसरीवर जेवले. जाताना ती म्हणाली की वसतिगृहाच्या मागे एक मोकळी खोली आहे, शेरडं ठेवू देतील का ते विचारून बघते. इचार, असं गहिनीनाथ म्हणाला. पाचच्या गाडीने ती गेली. गाडी वळणाआड होईपर्यंत तो फाट्यावर उभा होता, मग शेरडांसाठी बाभळीचा पाला काढायला रानाकडे वळला.